स्वादुपिंडाच्या सुजेवर अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन कशासाठी?

मेघना_वाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, तेही काळजीपोटी.

गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांना (वय ६३) रात्री जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखायला लागलं. कळ थेट पाठीत जात होती. उताणं झोपवेना, पुढे वाकून गुडघे पोटाशी घेतले की जरा सुसह्य व्हायचं. दोन उलट्या झाल्या. घरात सगळ्यांचं एकमत झालं की गॅस धरलाय. ओवा आणि काळं मीठ झालं, मग घरात असलेली अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलची गोळी, दोन तासांनी आणखी एक, पहाटे ते गुलाबी पातळ औषध. सकाळी दहाला दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता. रक्ततपासणीत लायपेज (चरबी पचवणारा स्वादुपिंडाचा पाचकरस) २,००० च्या वर (लॅबची वरची मर्यादा ६० लिहिली होती) आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. निदान अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला आलेली सूज.

पाच दिवस अ‍ॅडमिट होते. सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, आणि रोज सकाळ-संध्याकाळ पँटोप्राझोल शिरेतून. आता घरी आहेत, बरे आहेत. डिस्चार्ज कार्डावर पँटोप्राझोल ४०, रोज सकाळी उपाशीपोटी, तीन महिने. पित्ताशयाबद्दल "सहा आठवड्यांनी दाखवा, मग बघू" एवढंच.

माझे प्रश्न असे. दुखणं स्वादुपिंडाचं, मग औषध जठरातल्या आम्लाचं का? त्याने सूज उतरते का? तीन महिने घ्यायलाच हवं का? त्या रात्री आम्ही ज्या गोळ्या दिल्या त्यांनी काही बिघडलं का, हे विचारायला मन कचरतंय, पण विचारते.

औषधवाला

ताई, माझं इचलकरंजीला मेडिकल आहे, २२ वर्षं झाली. अ‍ॅसिडिटीची गोळी लिहिलेली नाही असं प्रिस्क्रिप्शन हातात आलं तर मी एकदा उलटून बघतो, इतकं ते दुर्मिळ झालंय. अँटिबायोटिक असो, गुडघेदुखी असो, ताप असो, सोबत 'गॅसची गोळी' असतेच. पूर्वी रॅनिटिडीन असायची. ती २०२२ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून निघाली. आता बहुतेक जागा पँटोप्राझोलने घेतली आहे. लोक चिठ्ठीशिवाय अख्खी पट्टी मागतात. पॅन्क्रियाटायटिसमध्ये ती का देतात ते डॉक्टर मंडळींनी सांगावं, मलाही ऐकायचंय.

विदुला१२

माझ्या भावालाही मागच्या वर्षी हेच झालं होतं. त्याला तर डॉक्टरांनी सांगितलं होतं की या इंजेक्शनने स्वादुपिंडाला विश्रांती मिळते. तो चार दिवसांत खडखडीत बरा झाला. त्यामुळे मला तरी वाटतं की उपयोग होत असणार.

गोदाकाठ

मी नाशिकला पोटविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. मेघनाताई, सर्वात आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: त्या दोन गोळ्यांनी सूज वाढली नाही. बिघडलं असेल तर ते वेळेमुळे. या आजारात पहिले २४ तास फार मोलाचे असतात, कारण रक्तवाहिन्यांमधलं पाणी झिरपून पोटाच्या आत साचत जातं आणि शरीर आतून कोरडं पडतं. घरी गेलेल्या त्या तासांत त्यांना सलाईन मिळायला हवं होतं. पण गॅस समजून घरी थांबणारं तुमचं पहिलं घर नाही, माझ्याकडे येणाऱ्यांत असे खूप असतात. स्वतःला दोष देऊ नका. एवढं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा: पोटाच्या वरच्या भागातली, पाठीत जाणारी, तासाभरात न थांबणारी कळ आणि घाम असेल तर ती अ‍ॅसिडिटी धरून चालायचं नाही. पन्नाशीपुढच्या माणसाचा आधी ईसीजी काढायचा, कारण हृदयविकाराचा झटकाही असाच दिसू शकतो.

आता मुख्य प्रश्न. आम्ल कमी करणाऱ्या औषधाने स्वादुपिंडाची सूज उतरत नाही. मी हे ठामपणे लिहितोय.

या आजारात काय होतं ते बघा. स्वादुपिंड प्रथिनं पचवणारा ट्रिप्सिन हा पाचकरस सुप्त रूपात बनवतो आणि तो आतड्यात गेल्यावरच जागा व्हावा अशी शरीराची व्यवस्था असते. खडा पित्तनळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूने पेशींवर आघात झाला, की तो रस पेशींच्या आतच जागा होतो आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. रुग्ण आमच्यापर्यंत पोचतो तोवर हे होऊन गेलेलं असतं. पुढचा खेळ दाहाचा असतो. जठरातलं आम्ल त्या वेळी कमी असो की जास्त, या दाहाला त्याने फरक पडत नाही.

ज्याने फरक पडतो त्या गोष्टी अगदी साध्या आहेत. शिरेतून द्रव, शक्यतो रिंगर लॅक्टेट या प्रकारचं सलाईन. तोही बेताने: २०२२ मधल्या एका मोठ्या चाचणीत भरमसाट सलाईन दिलेल्या गटात अंगात पाणी साचण्याचं प्रमाण २०.५ टक्के होतं, बेताने दिलेल्यांत ६.३ टक्के, आणि त्यामुळे ती चाचणी मध्येच थांबवली. दुसरं, दुखणं नीट शमवणं. तिसरं, झेपेल तितक्या लवकर तोंडाने खायला देणं. 'स्वादुपिंडाला विश्रांती' म्हणून आठवडाभर उपाशी ठेवायची जुनी पद्धत आता मागे पडली. सौम्य आजारात उलटी थांबली आणि भूक लागली की पहिल्या दिवशीसुद्धा मऊ भात, खिचडी देता येते. आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर दुबळं होतं आणि तिथले जंतू आत शिरायला वाट मिळते. आणि चौथं, कारण दूर करणं. तुमच्या बाबतीत ते कारण पित्ताशयात बसलंय, त्याबद्दल पुढे लिहितो.

विदुलाताई, तुमचा भाऊ बरा झाला याचा आनंद आहे. पण दर पाचपैकी साधारण चार रुग्णांचा आजार सौम्य असतो आणि सलाईन व वेदनाशामकावर आठवड्याच्या आत तो आपसूक उतरतो. त्या काळात जे जे दिलं जातं, त्या सगळ्याला बरं होण्याचं श्रेय मिळतं.

एक विचारायचं राहिलं, मेघनाताई. सासरे ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेतात का? पूर्वी कधी अल्सर होता का? याचं उत्तर मिळेपर्यंत पँटोप्राझोल बंद करू नका.

जुना_शिक्षक

डॉक्टरांनी 'विश्रांती'चा उल्लेख केलाय, तिची जन्मकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालो. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचो.

जानेवारी १९०२, लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज. बेलिस आणि स्टार्लिंग हे दोघे, नात्याने मेहुणे. त्या काळी रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोवच्या प्रयोगशाळेचं मत असं, की आतड्यात आम्ल उतरलं की मज्जातंतूंमार्फत स्वादुपिंडाला निरोप जातो. या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा घेतला, त्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडलं. निरोप्या उरला नव्हता, तरी स्वादुपिंडाचा रस वाहू लागला! मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून खललं, गाळलं आणि तो अर्क शिरेत टोचला. पुन्हा रस. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रिटिन नाव दिलं. 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये व्याख्यानांत वापरला आणि तो जगभर रूढ झाला.

आता यातून तर्क कसा निघतो पहा. आम्ल ग्रहणीत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरतं, सिक्रिटिन सुटतं, स्वादुपिंड रस सोडतं. मग आम्लच तोडलं तर स्वादुपिंड निजेल. तर्क देखणा आहे. मी स्वतः अनेक वर्षं तो मुलांना उपचाराचं उदाहरण म्हणून सांगत होतो, आणि तो प्रयोगात टिकला नाही हे मला फार उशिरा कळलं. त्याची मला खरोखर खंत आहे, कारण त्यातली कितीतरी मुलं आज डॉक्टर आहेत.

तर्कातली खोट अशी, की सिक्रिटिनमुळे सुटतं ते मुख्यतः पाणी आणि बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारा क्षार. ट्रिप्सिनसारखी पाचक विकरं (एन्झाइम) सोडवण्याचं काम प्रामुख्याने कोलेसिस्टोकायनिन हे दुसरं हॉर्मोन आणि व्हेगस मज्जातंतू करतात. आम्ल थांबवून आपण नळाचं पाणी कमी केलं, पण घरात लागलेली आग वेगळ्याच खोलीत होती.

गोदाकाठ

सर, तुमची खंत आम्हा सगळ्यांची आहे. मलाही शिकवताना हेच सांगितलं होतं.

तर्काची परीक्षा झाली ती अशी. सिमेटिडीन हे आम्ल रोखणारं पहिलं मोठं औषध १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं. ज्यांच्या संशोधनातून ते निघालं त्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. अल्सरच्या रुग्णांसाठी ते वरदानच ठरलं, कितीतरी जणांची पोटाची ऑपरेशनं टळली. साहजिकच पॅन्क्रियाटायटिसमध्येही ते देऊन पाहिलं गेलं. एका गटाला सिमेटिडीन, दुसऱ्याला दिसायला तसंच पण निष्क्रिय औषध. दुखणं किती दिवस राहिलं, गुंतागुंत किती झाली, कशातच सिमेटिडीन सरस ठरलं नाही. नंतर २००२ मध्ये या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तरी तेच उत्तर आलं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही पुढची, जास्त जोरकस पिढी. जपानमधल्या तीव्र आजाराच्या हजारो रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात ही औषधं मिळालेल्यांचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. जपानच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये रक्तस्राव किंवा अल्सर नसेल तर आम्ल रोखणारं औषध देऊ नये, अशी भूमिका आहे.

ऑक्ट्रिओटाइडचंही तेच झालं. ते तर स्वादुपिंडाचा स्राव थेट रोखतं. तरी फायदा नाही. 'विश्रांती' ही कल्पनाच या आजारात लागू पडत नाही, हे मला त्यावरून पटलं.

औषधवाला

मग अपाय तरी काय, असं लोक विचारतील. "असू दे की, पोटाला बरंच आहे."

रानफूल

मी मूळची चिपळूणची, सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला आयसीयूत सिस्टर आहे. अपायाबद्दल लिहिते, कारण ते मी रोज साफ करते.

जठरातलं आम्ल हा जंतूंसाठीचा पहिला दरवाजा. तो उघडा राहिला की आतड्यात सी. डिफिसाइल नावाच्या जंतूचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. आधीच दुबळ्या झालेल्या माणसाला दिवसातून दहा-बारा पातळ जुलाब, वेगळी खोली, प्रत्येक वेळी गाऊन-हातमोजे. पॅन्क्रियाटायटिसच्या रुग्णांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात रुग्णालयात असताना दहापैकी आठांहून अधिक रुग्णांना आम्ल कमी करणारं औषध दिलं गेलं होतं आणि निम्म्याहून अधिक जण ते घरी घेऊन गेले होते. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं नाही, जगभर असंच चालतं. लांबवर घेत राहिलं तर मॅग्नेशियम आणि बी-१२ कमी होऊ शकतं.

पण दुसरी बाजूही लिहायलाच हवी, नाहीतर कुणी आयसीयूतल्या आपल्या माणसाचं औषध बंद करायला सांगेल. आजार तीव्र असेल, रुग्ण ४८ तासांहून अधिक व्हेंटिलेटरवर असेल किंवा त्याचं रक्त गोठत नसेल, तर जठरात ताणाचे व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. यातले शेवटचे दोन धोक्याचे घटक १९९४ पासून पक्के माहीत आहेत. २०२४ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या ४,८२१ रुग्णांची चाचणी आली: पँटोप्राझोल मिळालेल्यांत मोठा रक्तस्राव १ टक्का, न मिळालेल्यांत ३.५ टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता, पण रक्तस्राव निश्चित टळला. तिथे आम्ही ते देतोच. फक्त ते देतो जठर वाचवायला. रुग्ण व्हेंटिलेटरवरून उतरला, खाऊ लागला की आमच्या राउंडला फार्मासिस्ट विचारतात, "हे अजून का चालू आहे?" तो प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं.

सह्यकडा

मी रुग्ण म्हणून लिहितो. २०२१ मध्ये मला दारूमुळे तीव्र पॅन्क्रियाटायटिस झाला. ४१ दिवस रुग्णालयात होतो. तेव्हापासून थेंबही घेतलेला नाही. स्वादुपिंडाचा बराच भाग मेला होता, त्याभोवती पिशवीसारखं जमलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून जठराच्या भिंतीतून त्या पिशवीत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी नळी) टाकला आणि मेलेला भाग तीन वेळा आत जाऊन काढला.

हा धागा वाचून एक जुनं कोडं सुटलं. स्टेंट टाकल्यावर त्यांनी माझं पँटोप्राझोल बंद केलं होतं. मी घाबरून विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या जठरातलं आम्ल आता आपल्या बाजूने काम करू दे." त्या वेळी नीट समजलं नव्हतं. आणि मग सहा महिन्यांनी, चरबी पचेना, शौच तेलकट आणि पाण्यावर तरंगणारं होऊ लागलं, तेव्हा जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या. त्यांचा पुरेसा गुण येईना म्हणून तेच पँटोप्राझोल पुन्हा चालू केलं. एकाच आजारात एकदा बंद, एकदा चालू. डॉक्टर, हे कसं?

गोदाकाठ

दादा, दारू सोडलीत हे सर्वात मोठं औषध तुम्ही स्वतःच घेतलंत. मनापासून अभिनंदन.

दोन्ही निर्णय बरोबर होते. जठरातून वाट केल्यावर आम्ल त्या पिशवीत उतरतं आणि मेलेला भाग विरघळायला मदत करतं असं मानतात. २०१९ मध्ये आलेल्या एका तुलनेत ज्यांची ही औषधं थांबवली त्यांना दुर्बिणीने आत जाण्याच्या खेपा कमी लागल्या.

कॅप्सूलची गोष्ट सरांनी सांगितलेल्या सिक्रिटिनशी जोडलेली आहे. निरोगी स्वादुपिंड बायकार्बोनेट सोडून आम्ल शमवतं. तुमचं खराब झालंय, त्यामुळे ग्रहणीतही आम्ल राहतं. कॅप्सूलमधल्या दाण्यांवरचं आवरण आम्लात उघडत नाही, आणि उघडं पडलेलं लायपेज आम्लात नष्ट होतं. आम्ल कमी केलं की कॅप्सूलला वाव मिळतो. इथे पँटोप्राझोल खरोखर स्वादुपिंडाच्या रुग्णासाठी उपयोगी आहे, पण तो टप्पा सुजेनंतरचा, पचन लंगडं झाल्यावरचा.

आणि मेघनाताई, तुमच्या कार्डावर मला पँटोप्राझोलपेक्षा "सहा आठवड्यांनी बघू" जास्त खटकलं. पित्ताशयातल्या खड्यांमुळे सौम्य पॅन्क्रियाटायटिस झाला असेल तर पित्ताशय शक्यतो त्याच मुक्कामात काढावं. नेदरलँड्समधल्या २०१५ च्या चाचणीत, त्याच मुक्कामात ऑपरेशन झालेल्यांपैकी ५ टक्के लोकांना सहा महिन्यांत खड्यांमुळे पुन्हा भरती व्हावं लागलं किंवा मृत्यू आला. महिनाभराने ऑपरेशन झालेल्यांत हेच १७ टक्के होतं. गोळी तीन महिने घेऊन खडा जागचा हलणार नाही. या आठवड्यात सर्जनला दाखवा.

मेघना_वाई

डॉक्टर, तुम्ही ॲस्पिरिनचं विचारलंत म्हणून सासूबाईंना फोन केला. २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाल्यापासून सासरे रोज ॲस्पिरिन घेतात. आणि सासूबाईंना लग्नानंतरची एक गोष्ट आठवली, जी आम्हा कुणालाच माहीत नव्हती: चाळिशीत सासऱ्यांना अल्सरमधून रक्ताची उलटी झाली होती, मिरजेला ठेवलं होतं. दवाखान्यात कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

गोदाकाठ

मग पँटोप्राझोल अजिबात थांबवू नका. अल्सरमधून एकदा रक्त गेलेल्या आणि ॲस्पिरिन चालू असलेल्या माणसाला ते हवंच, आणि ॲस्पिरिन आहे तोवर हवं, फक्त तीन महिने नाही. तीन महिन्यांनी 'कोर्स संपला' म्हणून तुम्ही बंद केलं असतं तर धोका होता. सर्जन आणि हृदयतज्ज्ञ दोघांनाही ही जुनी रक्ताची उलटी सांगा. अल्सरला कारणीभूत ठरणाऱ्या एच. पायलोरी जंतूची तपासणीही करून घ्या. पँटोप्राझोल चालू असताना ती चुकीची 'निगेटिव्ह' येऊ शकते, म्हणून कधी आणि कशी करायची ते तुमच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

औषधवाला

ज्यांना असं कारण नाही आणि ज्यांची गोळी महिनोन्‌महिने चालू आहे त्यांच्यासाठी एक: एकदम तोडली की काही दिवस आधीपेक्षा जास्त जळजळतं आणि माणूस म्हणतो, "बघा, मला गरज आहेच." डेन्मार्कमध्ये २००९ साली कसलाही त्रास नसलेल्या लोकांना आठ आठवडे अशीच गोळी देऊन बंद केली, तर ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला, निष्क्रिय गोळीवाल्यांत १५ टक्के. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. उद्यापासून मीही पट्टी देताना "कशासाठी घेताय" एवढं विचारणार आहे.

मेघना_वाई

अपडेट देते. काल सातारला सर्जनकडे जाऊन आलो. त्यांनी एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) करून घेतली, पित्तनळीत खडा नाही, पित्ताशयात आहेत. हृदयतज्ज्ञांनी ऑपरेशनला हरकत नाही म्हणून लिहून दिलं. ॲस्पिरिन चालूच ठेवायचं आहे.

मी कार्ड पुढे करून विचारलं, ही गोळी कशासाठी ते लिहून द्याल का? डॉक्टर एक क्षण थांबले, जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं: "पँटोप्राझोल ४०, जठरासाठी. पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव, ॲस्पिरिन चालू." सासऱ्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि कार्ड घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, फाइलमध्ये ठेवू दिलं नाही.

गुरुवारी सकाळी आठला ऑपरेशन आहे. झालं की लिहिते.

रानफूल

वाट बघतेय, मेघनाताई. माझी गुरुवारी रात्रपाळी आहे, जागीच असेन.